सोवळें कीं मंत्रचळ?

मंत्रचळ हा शब्द जुन्या पिढींतील बायकांच्या तोंडीं सहज येतो. मंत्र म्हणतांना उच्चार चुकला तर म्हणणाराचें चित्त भ्रमतें, अशी जी पूर्वींची समजूत, तीवर हा शब्द उभा आहे. पुढें एकच गोष्ट पुनःपुन्हां करीत बसणाऱ्या कोणाही माणसाला तो लागला. आजचे डॉक्टर ज्या विकारास ओसीडी म्हणतात, त्याला मराठींत याहून समर्पक नांव आम्हांस तरी ठाऊक नाहीं. जुन्या समजुतींत कार्यकारणभाव मात्र उलटा झाला आहे. चुकीमुळें चित्त चळत नाहीं. ‘चुकलें तर नसेल ना?’ ही शंका ज्या चित्ताला सोडीत नाहीं, तेंच तो मंत्र शंभर वेळां म्हणत राहतें.

ज्या घरांत सोवळेंओवळें कडक, तेथें हा विकार वर्षानुवर्षें ओळखूंच येत नाहीं. सून दोन दोन तास न्हाणीघरांतून बाहेर येत नाहीं. वाळत घातलेल्या लुगड्याला कोणाचा हात लागला कीं काय, म्हणून तें पुन्हां पिळलें जातें. संकल्पांतील एखादें अक्षर निसटल्याचा भास झाला कीं पूजा पहिल्यापासून सुरू. प्रथम कौतुक होतें. ‘आमच्या वहिनींचें सोवळें म्हणजे बोलायला नको!’ पुढें हाताची कातडी फुटते, मुलांच्या शाळेची वेळ टळते, आणि कौतुकाची जागा कुरकुर घेते. पण डॉक्टर कोणाला सुचत नाहीं. बंगालमध्यें यास ‘शुचिबाई’ म्हणतात. कलकत्त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती यांनीं एका सहकाऱ्यासह १९७५ सालीं या विषयावर शास्त्रीय निबंध लिहिला.

हा दोष केवळ आपल्याच आचाराचा, असें समजण्याचें कारण नाहीं. जेसुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ सालीं स्पेनमधील मान्रेसा गांवीं राहत असतां याच फेऱ्यांत सांपडला होता. आपल्या पापांची कबुली पुरी झाली नाहीं, या शंकेनें तो पुनःपुन्हां धर्मगुरूकडे जाई. जीव देण्याचे विचारही त्याच्या मनांत आले. शेवटीं, जुनीं पापें यापुढें कबुलींत उच्चारावयाचींच नाहींत असा त्यानें निश्चय केला, आणि तो सुटला. अशा शंकेस लॅटिन भाषेंत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ टोचणारा लहान खडा. वहाणेंत खडा शिरल्यावर चालणाराचें काय होतें, हें सांगावयास नको.

इग्नेशियसचा निश्चय हाच आजच्या उपचाराचा गाभा आहे. १९६६ सालीं लंडनमध्यें व्हिक्टर मेयर यांनीं ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या दोन रुग्णांपैकीं एक बाई देवाविषयीं अभद्र विचार मनांत येतात म्हणून हैराण झालेली होती. पद्धत ऐकावयास सोपी आहे. शंका येऊं द्यावयाची. तिच्या निवारणाची कृति मात्र करावयाची नाहीं. उपचारक व रुग्ण मिळून भीतीच्या पायऱ्या मांडतात आणि खालच्या पायरीपासून चढूं लागतात. पूजा एकदांच, चुकल्यासारखें वाटलें तरी पाटावरून उठावयाचें. भीति चढते, छाती धडधडते. आणि हात न धुतांही ती सोसतां येते, हळूहळू ओसरते, असा अनुभव पुनःपुन्हां येऊं लागला म्हणजे शंकेचा दरारा कमी होतो. जोडीला फ्लुओक्सेटिनसारखीं औषधें असतात. त्यांचा गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत ‘कांहीं उपयोग नाहीं’ म्हणून तीं बंद करूं नयेत.

येथें एकत्र कुटुंबाची एक निराळी अडचण आहे. ‘मी शिवलें का हो?’ या प्रश्नाला ‘नाहीं गं’ असें उत्तर मिळालें कीं घटकाभर शांति, मग पुन्हां तोच प्रश्न. सासूबाई कंटाळल्या तर जाऊबाई आहेत, त्या नसल्या तर धाकटा दीर आहे. माया करणारीं दहा माणसें म्हणजे विकाराला अन्न घालणारे दहा हात.

शास्त्राधार हवा असणाऱ्यांनीं मनुस्मृतीचा पांचवा अध्याय पाहावा. त्या ग्रंथांतील पुष्कळ गोष्टी आम्हांस मान्य नाहींत, हें सांगून टाकतों. परंतु शुद्धीच्या प्रकरणांत ज्याचा विटाळ दृष्टीस पडला नाहीं तें शुद्धच मानावें असें स्पष्ट म्हटलें आहे, आणि शौचास माती किती वेळां लावावी याचीही संख्या ठरवून दिली आहे. संख्या दिली म्हणजे थांबण्याची जागा दिली. अर्थात् हा आधार रोज वाचून दाखविला, तर तोही मंत्रचळाचें खाद्य होईल.

याच घरांत दुसऱ्याही प्रकारचा माणूस असूं शकतो, आणि त्याला वरील उपायानें बरा करूं पाहणें अन्यायाचें होईल. चाळिशीचे काका, रोज त्याच पाटावर, त्याच वेळीं, त्याच क्रमानें संध्या. क्रम मोडला तर सारा दिवस विस्कटतो. स्वमग्नता घेऊन जन्मलेल्या मनाला ठरलेला क्रम विसांवा देतो. तो मोडण्याचें कारण नाहीं. कृति केल्यानें समाधान मिळतें कीं भीति तेवढी क्षणभर टळते, हें आधीं विचारावें. एकाच माणसांत दोन्हीही असूं शकतात. याच काकांना लहानपणीं धाबळी नेसत नाहीं म्हणून मार बसला असेल. लोंकरीचा स्पर्श असह्य होणें हें नास्तिक्य नव्हे. संवेदनांची अशी तीव्रता २०१३ सालच्या अमेरिकन निदानसूचीनें स्वमग्नतेच्या लक्षणांतच धरली आहे. शिवाय अशा मुलांपैकीं पुष्कळ जण बोललेला शब्द अक्षरशः घेतात. नरकांतील उकळत्या कढईची गोष्ट इतर भावंडें रात्रीच्या जेवणापर्यंत विसरलीं. हा विसरला नाहीं. जानवें टाकून वीस वर्षें झालीं तरी त्याच्यापुरती ती कढई उकळतेच आहे. अशा प्रौढाशीं उपचारकानें आडून बोलूं नये, नजरेला नजर देण्याचा आग्रह धरूं नये, आणि काय करावयाचें तें कागदावर लिहून द्यावें.

उपचारानें मुलगा देवधर्म सोडील, ही वडीलधाऱ्यांची भीति आम्हीं पुष्कळदां ऐकली आहे. श्रद्धेविषयींची अडचण म्हणजे विकार नव्हे, तरी ती ध्यानांत घेण्याजोगी बाब आहे, असें अमेरिकन सूचीनें १९९४ सालींच नमूद केलें. कोणी बरा होऊन पुन्हां संध्येला बसतो, कोणी ती कायमची सोडतो. तो निर्णय डॉक्टरचा नाहीं, आणि घरच्यांचाही नाहीं.

कोणाकडे जावें हें न सुचल्यास सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि २०२२ पासून आहे. उपचार सुरू झाला कीं उपचारकाच्या सल्ल्यानें, आणि रुग्णाची संमति घेऊन, घरांतील सर्वांनीं एकच उत्तर ठरवावें. ‘शिवलें का?’ असें विचारल्यावर शांतपणें म्हणावयाचें, ‘याचें उत्तर द्यायचें नाहीं, असें आपलें ठरलें आहे ना?’ पुरुष मंडळी हें चार दिवसांत शिकतात. आजींना जड जातें. तीस वर्षें त्यांनीं दर वेळीं ‘नाहीं गं बाळे’ म्हटलेलें असतें.