सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा : जाती व लिंगाची ओळख

सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा ही लॅब्रिडी कुलातील लहान सागरी माशाची एक जाती आहे. हा मासा मालदीवच्या प्रवाळभित्तींवर साधारणतः ४० ते ७० मीटर खोलीवर आढळतो. या कुलातील माशांना ‘रास’ म्हणतात. सिऱ्हिलॅब्रस प्रजातीतील साठाहून अधिक जाती मत्स्यालयांच्या शौकिनांना ‘फेअरी रास’ या नावाने परिचित आहेत. धिवेही भाषेत ‘फिनिफेन्मा’ म्हणजे गुलाब. गुलाबी गुलाब हे मालदीवचे राष्ट्रीय पुष्प आहे.

'''जातीचा निर्णय'''

१९८३ मध्ये रँडल व एमरी यांनी चागोस द्वीपसमूहातील केवळ एका पिलाच्या नमुन्यावरून सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस (तांबड्या खवल्यांचा) या जातीचे वर्णन केले. पुढे १९९० च्या दशकात मालदीवमध्ये मिळालेले मासे हे त्याच जातीचे प्रौढ मासे होत, असे गृहीत धरले गेले. चागोस मालदीवपासून सुमारे १,००० किलोमीटर दक्षिणेस आहे. पिलू एकीकडचे आणि प्रौढ दुसरीकडचे, अशी ही जोडी जवळजवळ तीन दशके टिकली.

घोटाळ्याचे मूळ या प्रजातीच्या स्वभावातच आहे. तिच्या अनेक जातींची पिले सारखीच दिसतात : तांबूस अंग, पांढरट मुखाग्र आणि शेपटीच्या देठावर वरच्या बाजूस एक काळा ठिपका. जात ठरवण्यास सर्वांत उपयोगी खूण म्हणजे प्रौढ नराचा रंग, आणि पिलात नेमकी तीच नसते. शिवाय जतन केलेल्या नमुन्यांचे रंग बहुधा उडून जातात. (झांझिबारच्या सिऱ्हिलॅब्रस वकांडाचा जांभळा रंग जतनानंतरही राहतो, पण तो अपवाद.) म्हणून पिलांची तुलना पिलांशीच करणे आवश्यक असते.

२०२२ मध्ये यि-काय ती, अहमद नजीब, जोसेफ रोलेट व लुइझ रोशा यांनी ती केली. शरीराच्या निरनिराळ्या भागांवरील खवल्यांची संख्या, पाठीवरील पराच्या काट्यांची उंची, प्रौढ नरांचे रंग आणि जनुकीय माहिती यांवरून मालदीवची जाती स्वतंत्र ठरली. मालदीवमधील माशाच्या नव्या जातीचे औपचारिक वर्णन करणाऱ्यांत नजीब यांच्या रूपाने प्रथमच एक मालदीवी शास्त्रज्ञ होता.

'''नर की मादी'''

प्रौढ नराच्या अंगावर किरमिजी, नारिंगी-गुलाबी व गडद जांभळट तांबड्या छटा असतात. मादी लहान असून तिच्यात तांबडा, गुलाबी व निळसर रंग दिसतो. मात्र या प्रजातीतील मासे प्रथम मादी असतात व पुढे नर होतात. समूहातील प्रबळ नर नाहीसा झाला की मोठ्या मादीचे नरात रूपांतर होऊ लागते. त्या काळात तिच्या अंगावर दोन्ही रंगांचे मिश्रण दिसते. तेव्हा एकाच छायाचित्रावरून लिंग ठरवणे धाडसाचे होय. खोल पाण्यात तांबडा प्रकाश फारसा पोहोचत नसल्याने छायाचित्रातील रंग दिव्यावरही अवलंबून असतो. मत्स्यालयासाठी ‘मादी’ म्हणून घेतलेला मासा काही महिन्यांनी नर झाला, तर विक्रेत्याने फसवले असे समजण्याचे कारण नाही.

'''व्यापार'''

नाव मिळण्यापूर्वीच ही जाती मत्स्यालयांच्या बाजारात विकली जात होती. ती विपुल असल्याने तूर्त धोक्यात नाही, असे संशोधकांचे मत आहे. तथापि पूर्वी विस्तीर्ण प्रदेशात पसरलेली मानलेली एक जाती आता दोन ठरल्या असून, प्रत्येकीचे क्षेत्र आधीच्या समजुतीपेक्षा बरेच मर्यादित असू शकते.