कवडशांतून दिसलेले नगर

भर दुपारी एखाद्या दाट आंब्याखाली उभे राहून पहा. सावली कितीही गर्द असो, जमिनीवर कवडसे पडलेले दिसतातच. पानांच्या फटींतून थोडा तरी प्रकाश खाली पोचतो. एवढ्याशा गोष्टीच्या आधारे जंगलाखाली दडलेले एक नगर संशोधकांनी उजेडात आणले आहे.

मध्य अमेरिकेतील बेलिझ देशात काराकोल हे माया लोकांचे प्राचीन नगर आहे. सातव्या शतकात ते ऐन भरात होते. पुढे ते ओस पडले आणि जंगलाने त्याला गिळून टाकले. आर्लेन व डायेन चेस या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने तेथे सुमारे २५ वर्षे झाडी तोडत, पायी हिंडत मोजणी केली. नकाशा तयार झाला तो जेमतेम २३ चौरस किलोमीटरांचा! मग एप्रिल २००९ मध्ये विमानातून लेसर किरण सोडून मोजणी झाली. अवघ्या चार दिवसांत २०० चौरस किलोमीटर प्रदेश मोजून झाला.

हे कसे साधले? समजा, विमान जमिनीपासून ९०० मीटर उंच आहे. लेसरचा झोत जाऊन येऊन १८०० मीटर अंतर तोडतो. प्रकाशाचा वेग सेकंदास ३ लाख किलोमीटर. म्हणून तो ६ दशलक्षांश सेकंदात परततो. पण एखादा झोत ५.८ दशलक्षांश सेकंदातच परतला तर? तो ८७० मीटरांवरूनच वळला. म्हणजे तेथे ३० मीटर उंच झाडाचा शेंडा असला पाहिजे! संगणक असे बिंदू वगळतो आणि फटींतून जमिनीपर्यंत पोचलेले तेवढे ठेवतो. मग झाडे नसलेला उघडा भूभाग पडद्यावर उमटतो.

त्यात काय दिसले? घरांचे चौथरे, रस्ते आणि डोंगरउतारांवर मैलोगणती पसरलेली पायऱ्यापायऱ्यांची शेते. असे जंगल मोठ्या नगराला पोसू शकणार नाही, असे अनेक विद्वानांना वाटे. त्या समजुतीला या नकाशाने जबर धक्का दिला.

मात्र लेसर आकार दाखवतो, वय सांगत नाही. ते कळण्यासाठी आजही उत्खननच करावे लागते.

आता एक गणित तुमच्यासाठी. वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली, तर उंचीत किती सेंटिमीटरांची चूक होईल? उत्तर काढा, गुडघाभर उंचीची पडकी भिंत टिपायला घड्याळ किती काटेकोर हवे, ते ध्यानात येईल.