पिवळ्या पानाला युरिया?

जुलैमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात चार दिवस झड लागते. ऊन पडलं की सोयाबीनचे शेंडे पिवळे दिसू लागतात आणि युरियाचं पोतं बांधावर येतं. पीक पिवळं म्हणजे नत्र कमी, हा समज इतका पक्का बसलाय, की पिवळं पडलंय ते पान कुठलं, हे वाकून पाहायचं राहूनच जातं. त्यात शेतकऱ्याचा पैसा नाहक जातो, याचं फार वाईट वाटतं.

नत्राची टंचाई असेल तर खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं. पालाश कमी पडलं तर जुन्याच पानांच्या कडा करपतात. झडीनंतर मात्र बहुतेक वेळा कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसतात. ही लोहाची खूण आहे. एकदा पानात बसलेलं लोह तिथून सहसा हलत नाही, म्हणून उपासमार नव्या पानाची होते.

बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत लोहाला तोटा नसतो. पण सामू आठच्या आसपास आणि त्यात चुनखडी, मग मुळांना घेता येईल असं लोह थोडंच उरतं. पाणी साचलं की मुळांच्या श्वासातला कर्बवायू मातीतच कोंडतो, चुनखडीमुळे बायकार्बोनेट वाढतं आणि लोहाची वाट आणखी अडते. अशा पिवळ्या पानाचं पृथक्करण केलं, तर कधी कधी त्यात हिरव्या पानाइतकंच लोह निघतं. फक्त ते झाडाच्या कामाचं नसतं. यावर युरिया टाकून उपयोग नाही. मातीत नायट्रेट वाढलं की हा पिवळेपणा उलट बळावतो. आधी चर काढून पाण्याला वाट द्यावी, वाफसा येऊ द्यावा. तरीही शेंडे हिरवे झाले नाहीत तर हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, अर्धा टक्का फवारणी घ्यावी.

मग सोयाबीनला नत्र लागत नाही का? भरपूर लागतं. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, म्हणजे क्विंटलमागे साधारण ६.४ किलो नत्र. एकरी आठ क्विंटल पिकलं तर नुसत्या दाण्यांतून ५१ किलो नत्र शेताबाहेर जातं. मराठवाड्यासाठी शिफारस मात्र हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश; एकरी नत्र अवघं १२ किलो. उरलेला मोठा वाटा मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतून आणतात. महिनाभराचं झाड खुरप्यानं मातीसकट उचलावं (उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात) आणि एक गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. मातीत नत्र सढळ हातानं मिळालं की झाड गाठी पोसायचं सोडून देतं.

स्फुरदाचा हिशेब वेगळा. एकरी २४ किलोसाठी डीएपीचं जवळपास एक पोतं पुरतं, सुपर फॉस्फेटची तीन लागतात. म्हणून डीएपी सोयीचं वाटतं. पण त्या तीन पोत्यांतून १६ किलोंच्या आसपास गंधकही मिळतं, डीएपीत ते नसतं. आणि तेलबियांच्या पिकाला गंधक हवंच. माझा कौल सुपरला. मात्र स्फुरद गरजेपेक्षा जास्त झालं की पानातलं जस्त घटतं. एक वाढवताना दुसरं खाली जातं, ते माती परीक्षणात दिसत नाही.

ते पानात दिसतं. फुलोरा सुरू होताना शेंड्याकडचं नुकतंच पूर्ण वाढलेलं त्रिदल पान देठाशिवाय घ्यावं. त्यात नत्र साधारण ४.२५ ते ५.५ टक्के, फॉस्फरस ०.२६ ते ०.५ टक्के, पोटॅशियम १.७ ते २.५ टक्के आणि जस्त २० ते ५० पीपीएम असलं तर पुरवठा ठीक समजतात. पानावर माती राहू देऊ नये, नाहीतर लोहाचा आकडा फुगतो. शेंगा भरू लागल्यावर घेतलेला नमुनाही फसवा ठरतो, कारण तेव्हा पानातलं नत्र दाण्यात उतरत असतं. काढणीआधीचं पिवळं होऊन गळणं त्याचंच. त्याला औषध नको.

शेतात पिवळा पट्टा असेल तर त्यातली पानं एका पिशवीत, शेजारच्या हिरव्या पिकातली दुसऱ्या पिशवीत द्यावीत. दोन्ही जागची मातीही वेगवेगळी द्यावी. पुढच्या पेरणीआधी हे चार अहवाल शेजारी ठेवून पाहिले, की कुठलं पोतं घ्यायचं आणि कुठलं नाही हे दुकानात जाण्याआधीच ठरवता येतं.