संगणकाची रॅम : निवड आणि जोडणी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत कमावते झाले आहेत आणि गावाकडे शिकणाऱ्या धाकट्या भावंडांसाठी संगणक घेऊ पाहत आहेत. सुटे भाग आणून घरीच संगणक जोडण्याकडे त्यांचा कल दिसतो. खर्च आपल्या हातात राहतो आणि पुढे एखादा भाग बदलणेही सोपे जाते, म्हणून हा मार्ग मला योग्य वाटतो. मात्र रॅम घेताना घाई झाली, तर कष्टाचा पैसा वाया जातो.

मराठीत रॅमला ‘स्मृती’ हा प्रतिशब्द वापरतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जिचे दहन झाले, तिच्यामुळे हा शब्द आपल्या कानाला खटकतो. परंतु पालीतील ‘सति’, म्हणजे वर्तमान क्षणाचे जागे भान, हेही त्याच शब्दाचे रूप आहे आणि रॅमचे काम या अर्थाच्या अधिक जवळचे आहे. बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ उभारले ते ग्रंथसंग्रहासाठी. तेथील कपाटे म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क, आणि वाचण्यासाठी उघडलेली पुस्तके ज्या मेजावर ठेवायची ते मेज म्हणजे रॅम. मेज लहान असेल तर दर वेळी उठून कपाटाकडे जावे लागते. संगणक मंदावतो तो बहुधा या येरझाऱ्यांमुळे.

आज वापरात असलेल्या रॅमचा शोध आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली लावला. तीत प्रत्येक नोंद विजेच्या अतिसूक्ष्म भाराच्या रूपात राहते आणि तो भार साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. म्हणूनच मंद्रूपला वीज गेली, की न जतन केलेला मजकूरही जातो. ज्याच्या घरी भारनियमन आहे, त्याने महागड्या रॅमच्या आधी यूपीएस घ्यावा.

निवडीतील पहिला प्रश्न क्षमतेचा नसून पिढीचा आहे. एका सहृदय माजी विद्यार्थ्याने शाळेच्या जुन्या संगणकांसाठी रॅमच्या पट्ट्या पाठवल्या. त्या डीडीआर४ होत्या, आपले संगणक डीडीआर३ चे. त्या बसल्याच नाहीत. डीडीआर३ च्या पट्टीला २४० संपर्कबिंदू असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ ला प्रत्येकी २८८. पण खालच्या कडेची खाच तिन्हींत वेगवेगळ्या जागी असते आणि लागणारा विद्युतदाबही निराळा असतो. त्यामुळे आधी मदरबोर्ड ठरवावा, मगच रॅम. एएमडीच्या एएम४ बोर्डाला डीडीआर४ लागते, एएम५ ला केवळ डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, तेव्हा बोर्डाचे पूर्ण नाव वाचूनच खरेदी करावी. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती येथे चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली ‘रजिस्टर्ड’ रॅम स्वस्तात विकली जाते. सामान्य डेस्कटॉपवर तीही निरुपयोगी.

क्षमतेविषयी माझे मत असे : अर्ज भरणे, टंकलेखन, ऑनलाइन तासिका यांसाठी ८ जीबी पुरते; प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यास १६ जीबी द्यावी. १६ ची एक पट्टी घेण्याऐवजी ८ च्या दोन, शक्यतो एकाच पाकिटातील, घ्याव्यात. मग प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकाच वेळी माहिती आणतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक ठळक जाणवतो, कारण चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत. दिव्यांनी वेग वाढत नाही.

जोडताना प्रथम भिंतीवरचे बटन बंद करून वायर काढावी आणि संगणकाचे बटन काही सेकंद दाबून धरावे. आपल्याकडील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी कडांनी धरावी. सोनेरी भागास बोट लागू देऊ नये. चार खाचा असल्यास दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसतात. तरी बोर्डाची पुस्तिका पाहावी. खाचेच्या टोकाची कुलपे उघडून, पट्टीची खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. कुलूप ‘टक्’ वाजून लागले पाहिजे. येथे लागणारा जोर नवख्याला भीतिदायक वाटतो आणि पट्टी अर्धवट राहते. पडदा काळा राहण्याचे हे नेहमीचे कारण. डीडीआर५ मात्र पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे घेऊ शकते. तेवढा धीर धरावा.

सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये क्षमता आणि वेग पाहावा. पाकिटावर ३२०० लिहिलेले असून तेथे कमी आकडा दिसला, तर बायोसमध्ये जाऊन ‘एक्सएमपी’ सुरू करावे. संगणक मध्येच बंद पडत असल्यास विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवून पाहावे. बिल जपून ठेवावे, बदलून घेताना ते लागते.

जुन्या संगणकातून निघालेली डीडीआर३ ची पट्टी कोणी टाकून देऊ नये. कागदात गुंडाळून, वर प्रकार व क्षमता लिहून ती शाळेत पोहोचवावी. आपल्या संगणक कक्षात तिला अजून जागा आहे.