साठीच्या आतली विस्मृती : एका प्रशिक्षिकेची कबुली आणि समाजाची साथ

फरीदाबाद : 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे सहज वापरली जाते. वय झाले की विसरायला होणारच, असे या म्हणीने गृहीत धरले आहे. मात्र हीच अवस्था साठीच्या आत, भर कर्तृत्वाच्या काळात आणि शेकडो खेळाडूंना घडविणाऱ्या प्रशिक्षकावर ओढवली तर काय होते? अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षिका पॅट समिट यांचे उदाहरण यासंदर्भात आजही मार्गदर्शक ठरते.

कोण होत्या पॅट समिट?

१९५२ मध्ये जन्मलेल्या समिट यांनी १९७४ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाची सूत्रे हाती घेतली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळविले, तर १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. टेनेसी संघाला त्यांनी आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १,०९८ विजय आणि २०८ पराभव अशी त्यांची कारकीर्द आहे.

२३ ऑगस्ट २०११ रोजी त्यांनी स्वतःच जाहीर केले, की आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश, म्हणजे अल्झायमर प्रकारातील डिमेन्शिया झाला आहे. तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. संधिवातावरील औषधांमुळे आपल्याला विसरायला होत असावे, असा त्यांचा सुरुवातीला समज होता. मेयो क्लिनिकमधील तपासण्यांनंतर खरे कारण समोर आले.

प्रतिक्रिया कशा उमटल्या?

या घोषणेने क्रीडाविश्वाला धक्का बसला. तथापि विद्यापीठाने त्यांना पदावर कायम ठेवले. सहायक प्रशिक्षकांनी, विशेषतः हॉली वॉरलिक यांनी, सामन्यांतील डावपेचांची बरीच जबाबदारी उचलली. 'वुई बॅक पॅट', अर्थात 'आम्ही पॅट यांच्या पाठीशी आहोत', ही घोषणा कपड्यांवर झळकली. एरवी त्यांच्या संघाला हरविण्यासाठी जिवाचे रान करणारे प्रतिस्पर्धी संघही या मोहिमेत सामील झाले. समिट आणि त्यांचे पुत्र टायलर यांनी त्याच वर्षी अल्झायमरविरोधी कार्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले.

एप्रिल २०१२ मध्ये त्या मुख्य प्रशिक्षकपदावरून पायउतार झाल्या. पद सोडण्याचा हा निर्णय नेमका कोणाचा, यावर पुढे वादही झाला. रुग्णाने कधी थांबावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न सद्भावना कितीही असली तरी सुटत नाही, हेच त्यातून दिसले. २०१२ मध्येच त्यांना 'प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला. २८ जून २०१६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजार नेमका काय?

डिमेन्शिया हा एकच आजार नसून स्मरण, विचार, भाषा आणि निर्णयक्षमता यांवर परिणाम करणाऱ्या विविध विकारांच्या लक्षणांचा समूह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर कारणीभूत असतो. वयाच्या ६५ वर्षांपूर्वी लक्षणे सुरू झाल्यास त्याला अकाली डिमेन्शिया म्हटले जाते. एकूण रुग्णांत याचे प्रमाण जास्तीत जास्त ९ टक्के आहे.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमिलॉइड आणि टाऊ या प्रथिनांचा घातक साठा होतो व मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. सामान्यतः ताज्या घटनांची स्मृती आधी जाते. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कौशल्ये तुलनेने अधिक काळ टिकतात. त्यामुळे सकाळची बैठक विसरणारा प्रशिक्षक वीस वर्षांपूर्वीचा सामना बारकाव्यांसह सांगू शकतो. नेमक्या याच कारणाने भोवतालच्यांची दिशाभूल होते आणि निदान लांबते.

भारतातील स्थिती

थोर फुटबॉलपटू व प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांचे मार्च २०२० मध्ये वयाच्या ८३ व्या वर्षी कोलकात्यात निधन झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघाचे ते खेळाडू होते. पुढे त्यांनी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही बलाढ्य संघांना मार्गदर्शन केले. अखेरच्या काळात त्यांना पार्किन्सन व हृदयविकारासोबत डिमेन्शियाही होता.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे. साठीच्या आतील रुग्ण या आकड्यात नाहीत.

एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामने पाहिलेले नाहरसिंह मैदान असलेले फरीदाबाद असो की महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याची तालीम, आपल्याकडे प्रशिक्षकाला गुरूचे स्थान आहे. या आदराचा एक तोटाही आहे. गुरुजी तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलले, सरावाची वेळ चुकले किंवा जुन्या शिष्याचे नाव विसरले, तर ते त्यांना सांगणार कोण? शिष्य संकोचाने गप्प बसतात. घरचे लोक 'वयोमान' म्हणून सोडून देतात. नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते हे सारे ऐन भरात असताना हा आजार आला, तर अशा मौनाची किंमत कुटुंबाला मोजावी लागते.

लवकर निदान का आवश्यक?

पहिले कारण असे, की विस्मरणाचे प्रत्येक कारण असाध्य नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मृती मंदावते व उपचारांनी सुधारू शकते.

दुसरे कारण, अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध नसले तरी काही औषधांनी लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात. २०२३ पासून अमेरिकेत मान्यता मिळालेली नवी औषधे सुरुवातीच्या टप्प्यात आजाराचा वेग काहीसा कमी करतात. मात्र मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत असतो.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. निर्णयक्षमता शाबूत असताना रुग्ण स्वतःचे आर्थिक व वैद्यकीय निर्णय स्वतः घेऊ शकतो. समिट यांनी नेमकी हीच संधी साधली. आपली बातमी त्यांनी स्वतःच्या तोंडून दिली.

प्रतिबंधाबाबत, 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने उच्च रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष, धूम्रपान, एकाकीपणा आदी १४ धोक्याचे घटक नोंदविले आहेत. त्यांवर नियंत्रण मिळविल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांमधील डिमेन्शिया टाळता किंवा लांबविता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

नेहमीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे, सवयीचा हिशेब न जमणे, स्वभावात अचानक बदल होणे, अशी लक्षणे दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ या क्रमांकावर राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्थाही १९९२ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

ज्यांनी आपल्याला चुका दाखवून घडविले, त्यांच्या पहिल्या विसरण्याकडे आदरापोटी काणाडोळा करणे, ही गुरुदक्षिणा नव्हे. त्यांचा हात धरून डॉक्टरांपर्यंत नेणे, ही खरी गुरुदक्षिणा ठरेल.