समुद्रतळाशी तेलगळती : धोका कसा मोजावा?

समुद्रात तेल सांडले की आपले लक्ष पाण्यावरील काळ्या तवंगाकडे जाते. परंतु गळती खोल तळाशी झाली असेल, तर केवळ तवंगावरून हानीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. सुमारे १,५०० मीटर खोलीवरील विहिरीतून ८७ दिवस तेल व वायू उसळत राहिले. त्यातील बराच भाग वर आलाच नाही. मिथेन वायू बहुतांशी पाण्यातच विरघळला. तेलाचे सूक्ष्म थेंब सुमारे १,१०० मीटर खोलीवर ढगासारखे पसरले. त्याच वर्षी विहिरीपासून ११ किलोमीटरवर तपकिरी थराखाली मरणोन्मुख प्रवाळे आढळली.

म्हणून तज्ज्ञ तीन प्रश्न विचारतात. काय व किती बाहेर पडले? प्रवाहांनी ते कोठे नेले? कोणते जीव किती काळ त्याच्या संपर्कात राहिले? मोठा मासा दूर पळू शकतो. पाण्याबरोबर वाहणारी अंडी व पिल्ले पळू शकत नाहीत.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’ क्षेत्रात समुद्र बराच उथळ आहे. तेथे तेल लवकर वर येईल, तरी प्रश्न तेच राहतील. गळतीपूर्वी समुद्र कसा होता याची नोंदच नसेल, तर काय गमावले हे कोळी बांधवांनी कशाच्या आधारे सिद्ध करावे? म्हणून धोक्याचे मोजमाप गळतीपूर्वीच सुरू व्हावयास हवे.