तापीकाठची सहल : बेत कसा आखावा?

सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. युरोपातील ऱ्हाईन किंवा डॅन्यूब नदीवर आठ-आठ दिवस तरंगत जाणाऱ्या मोठ्या नौकांची चित्रे अलीकडे सर्वांच्याच पाहण्यात येतात. नौकेतच राहावयाचे, नौकेतच जेवावयाचे, आणि दोन्ही तीरांवरील मळे व गावे डोळ्यांपुढून सावकाश सरकताना पाहावयाची! असा प्रवास आपल्याकडे का नसावा, असे पुष्कळांना वाटते. सुरत हे तर तापीकाठचे पुरातन बंदर. तेथे नावेत बसावे आणि नदीवाटे थेट खानदेश गाठावा, ही कल्पना कोणालाही मोहविणारी आहे.

कागदावर तशी वाटही आहे. २०१६ सालच्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर झाले, त्यांत तापीचा क्रमांक १००वा. हतनूर धरणापासून खंबायतच्या आखातापर्यंत या मार्गाची लांबी ४३६ किलोमीटर भरते. परंतु त्या वाटेवर आडवे काय काय पडले आहे, तेही पाहिले पाहिजे. समुद्राकडून निघालेल्या नावेला सुरत शहरातच सिंगणपोरचा बंधारा अडवितो. त्याच्या खाली भरती-ओहोटीचे खारे पाणी, वर शहराला पुरविण्याचे गोडे पाणी. पुढे काकरापारचा बंधारा, मग १९७२ साली पुरे झालेले उकाईचे प्रचंड धरण, आणि महाराष्ट्रात शिरल्यावर प्रकाशा, सारंगखेडा व सुलवाडे येथील बॅरेज. असे अडथळे ओलांडावे तेव्हा हतनूर येते.

युरोपातील नद्यांवरही बांध आहेतच. तेथे बांधाशेजारी दरवाजांचा हौद केलेला असतो. नाव हौदात शिरली की मागचा दरवाजा मिटतो, हौद भरू लागतो आणि पाण्याबरोबर नाव वरच्या पातळीस उचलली जाते. १९९२ साली खुल्या झालेल्या ऱ्हाईन-माईन-डॅन्यूब कालव्यावर नौका अशाच रीतीने डोंगर चढून पलीकडे उतरतात. शिवाय त्या नद्यांना बाराही महिने पाण्याचा पुरवठा असतो. आपल्या तापीला वर्षाचे बहुतेक पाणी पावसाच्या चार महिन्यांत मिळते, आणि ते साठवून शेताला व शहरांना पुरविणे हे धरणांचे पहिले काम. नदीवर रागावून उपयोग नाही. ती सहलीकरिता बांधलेली नाही, एवढेच.

सुरतेच्या नदीमुखाने मोठी जहाजे पूर्वीही आत घेतली नाहीत. मोठी गलबते सुवाळीच्या किनाऱ्यापाशी नांगरीत आणि माल लहान होड्यांतून शहरात येई. त्याच सुवाळीच्या पाण्यात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो तेथेच उतरला. नदीकाठचा जुना किल्ला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहर राखण्यासाठी बांधलेला. सहलीचा पहिला दिवस या किल्ल्याला आणि नदीकाठाला द्यावा. आपल्या वाचकांना आणखी एका गोष्टीचे अगत्य वाटेल. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन धर्मगुरू फादर अँब्रोज यांच्या निवासाला धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने नमूद करून ठेविले आहे.

दुसऱ्या दिवशी आगगाडी धरावी. उधना येथून फुटणारी ताप्ती व्हॅलीची लाइन बारडोली, व्यारा, उकाई-सोनगढ, नवापूर, नंदुरबार अशी जळगावकडे जाते. खानदेशातून सुरतेच्या मागांवर कामाला आलेल्या कुटुंबांची ही घरची वाट. डब्यात अहिराणी कानी पडली तर नवल नाही. नदी खिडकीतून सतत दिसेल असे मात्र समजू नये. रूळ बराच काळ तिच्या दक्षिणेस दूर राहतात. उकाई-सोनगढला उतरून धरणाचा जलाशय पाहावा. पाणी नजर पोचेल तेथवर पसरलेले आहे आणि त्याच्या तळाशी अनेक गावांची शेते व घरे आहेत, हेही मुलांना सांगावे. जवळच गायकवाडांचा सोनगढ किल्ला आहे. पुढचे नवापूर स्टेशन निम्मे गुजरातेत व निम्मे महाराष्ट्रात असल्यामुळे बालगोपाळांची तेथे चांगलीच करमणूक होते. नंदुरबारहून मोटारीने प्रकाशा येथे जावे. तापी आणि गोमाई यांच्या या संगमाला दक्षिणकाशी म्हणतात. १९५५च्या सुमारास झालेल्या उत्खननात येथे ताम्रपाषाण काळातील वस्तीचे अवशेष सापडले.

प्रत्यक्ष नौकेत बसल्यावाचून ज्यांचे समाधान होणार नाही, त्यांनी नर्मदेकडे वळावे. एकतानगर, म्हणजे पूर्वीचे केवडिया, येथे ऑक्टोबर २०२० मध्ये नौकाविहाराचे उद्घाटन झाले. फेरी सहा किलोमीटरांची, सुमारे चाळीस मिनिटांची. त्याच वर्षी नोव्हेंबरात हजिराहून घोघ्यापर्यंत आगबोट सुरू झाली. पण तो आखाताचा प्रवास आहे, नदीचा नव्हे. दोन्हींच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती, आणि कित्येक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. शांत तलावात, दिवसाढवळ्या हे घडले. म्हणून नाव कितीही लहान असो आणि फेरी कितीही जवळची असो, प्रत्येकाच्या अंगात, विशेषतः मुलांच्या, लाइफ जॅकेट बांधलेले असल्यावाचून पाय ठेवू नये. नाव किती जणांची आहे हे आधी विचारावे. मच्छीमाराच्या होडीत सबंध कुटुंब कोंबून जलाशयात जाण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. भाडे दिले आहे म्हणून संकोचाने गप्प बसणारी वडीलधारी माणसे आपल्याकडे फार. अशा वेळी मुलांना घेऊन खाली उतरण्यात कसलाही कमीपणा नाही.

पावसाळ्यात हा बेत करूच नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. उन्हाळ्यात जलाशय आटतो आणि ऊन सोसवत नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही नाताळची सुटी अधिक सोयीची, कारण तेव्हा सुरतेत ज्वारीचा कोवळा पोंक मिळू लागतो. आपल्या हुरड्याचाच तो भाऊ, लिंबू आणि शेव घालून खावयाचा.